मदत हवी आहे: पोर्तुगीज-इंग्रजी भाषांतराचं फ्रीलान्स काम

नमस्कार मंडळी, मी पणजीत असते, पोर्तुगीजची बी२ म्हणजे मध्यमच्या वरच्या लेव्हलची दिप्ले परीक्षा पास आहे, पोर्तुगालची भाषा नीट येते, ब्राझीलची वाचून कळते पण त्यात लिहायचं काम घेणार नाही. प्रोझ या भाषांतरकारांच्या वेबसाइटवर प्रोफाइल केलंय, ओमेगाटी हे भाषांतराचं फुकट सॉफ्टवेअर शिकलेय, एजन्सींना सीव्ही पाठवले, सगळे अनुभव मागतात नाहीतर फुकटात लांबलचक टेस्ट. इथे १९६१ आधीचे जन्मदाखले, जमिनीचे कागद पोर्तुगीजमध्येच असतात, ते इंग्रजीत करायची मला खरंच आवड आहे, जुनं हस्ताक्षरही बऱ्यापैकी वाचता येतं. नोकरी चालू आहे त्यामुळे संध्याकाळीच वेळ, महागडं सॉफ्टवेअर सध्या नको. कोणी असं काम करत असेल तर सांगा, भाषांतर सरकारी ऑफिसात चालायला नोटरी पुरते की वेगळी मान्यता लागते, आणि हस्तलिखिताचा दर शब्दावर लावायचा की पानावर?