बाळाची मान एकाच बाजूला: हलक्या हाताची ऑस्टिओपॅथी खानदेशात कुठे मिळेल?

केळीबाग (यावल)
नमस्कार मंडळी. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. निजली की तोंड कायम उजवीकडे. डावीकडून खुळखुळा वाजवला तर डोळे फिरवते, मान वळवत नाही. डोकं मागून उजव्या बाजूला चपटं दिसायला लागलंय. दूध एका बाजूला छान पिते, दुसऱ्या बाजूला घेतलं की चिडते. शिवाय दिवेलागणीला रडायला लागली की कशानेच शांत होत नाही.
माझी नणंद लंडनला असते. तिने तिच्या बाळाला तिकडे ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे हाताने स्नायू-सांध्यांवर उपचार करणाऱ्याकडे, नेलं होतं. नुसतं बोट टेकवल्यासारखा हात, झटका अजिबात नाही, असं ती सांगते. घरी सासूबाईंचं म्हणणं की मालिशवाल्या मावशींकडून मान उतरवून घेऊ. मला त्याची फार धास्ती वाटते. जळगाव, भुसावळ, धुळे, अगदी नाशिकपर्यंत कोणी चांगलं माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सातपुडा_आई
ताई, मान उतरवणं वगैरे बिलकुल नको. एवढ्याशा जिवाच्या मानेला झटका द्यायचा नसतो. आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बाकी सगळं नंतर.

फिजिओ_धुळे
मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
तोंड उजवीकडे राहतं तेव्हा बऱ्याचदा डाव्या बाजूचा, कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा स्नायू आखडलेला असतो. कधी त्यात बोराएवढी टणक गाठ हाताला लागते. ती घाबरण्यासारखी नसते, पण डॉक्टरांनी तपासायलाच हवी. गरज वाटली तर ते मानेची सोनोग्राफी सांगतील. अशा बाळांचे खुबेही तपासून घ्यायचे असतात, ते आवर्जून विचारा. तीन महिन्यांच्या आत व्यायाम सुरू झाले तर फरक लवकर पडतो, त्यामुळे ऑस्टिओपॅथ शोधण्यात आठवडे घालवू नका.
आजपासून घरी करता येईल ते सांगते. बाळाला अशा बाजूने निजवा की दार, उजेड आणि तुम्ही तिच्या डावीकडे याल. जागी असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. सुरुवातीला स्वतःच्या छातीवर घेतलं तरी चालतं. निजवायचं मात्र उताणंच. झोळीत फार वेळ ठेवू नका. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, तीही काढा. वर्षाच्या आत उशी नको, नाक-तोंड झाकलं जाण्याचा धोका असतो. मान ताणायचे व्यायाम प्रत्यक्ष शिकूनच करा, व्हिडिओ बघून नाही.
आता ऑस्टिओपॅथी. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 मध्ये अमेरिकेत ही पद्धत मांडली. बाळांच्या डोक्यावर हलका हात ठेवण्याची शाखा नंतरची, विल्यम सदरलँड यांची. कवटीच्या हाडांना सूक्ष्म लय असते आणि ती हाताला कळते, ही त्यामागची कल्पना. पण एकाच माणसाला दोघांनी तपासलं तर दोघांची मोजणी जुळत नाही, म्हणून माझा त्यावर भरवसा नाही. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने ऑस्टिओपॅथची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे तुमच्या नणंदेला प्रशिक्षित माणूस मिळाला असणार. आपल्याकडे पाटीवरच्या त्या शब्दावरून शिक्षण किती ते कळत नाही. मूळ पदवी कोणती, लहान मुलांचं काम किती केलंय, हे तोंडावर विचारा.

रेल्वेबाबा (भुसावळ)
आम्ही मुलाला पुण्यात नेलं होतं. तिथले फिजिओथेरपिस्टच होते, ऑस्टिओपॅथी वेगळी शिकलेले. हात खरोखर मऊ होता, पोरगं तिथेच झोपायचं. मान सुटली ती त्याने की घरच्या व्यायामाने, छातीठोक सांगता येणार नाही; दोन्ही चालू होतं. पण त्याच्या आईला तिथे फार धीर मिळाला, त्याचीही किंमत आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त या उन्हात एवढ्याशा बाळाला घेऊन लांबचा प्रवास करू नका.

अमळनेरची_आजी
पोर रडस म्हनीसन घाबरू नको, माय. संध्याकाळचं रडणं साधारण सहा आठवड्यांना जोरात असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुधा आपोआप उतरतं. अंगाला तेल खुशाल लावा, हात हलका ठेवा. नाका-कानात तेल घालू नका, टाळू दाबू नका, वर्षाच्या आत मध चाटवू नका. ताप आला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, टाळू फुगली किंवा दूध तोडलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

फिजिओ_धुळे
आजींचं अगदी बरोबर. रडण्यावर हाताने केलेल्या उपचारांचा 2012 मध्ये कोक्रेनने (उपचारांचे पुरावे तपासणारी संस्था) आढावा घेतला होता: सहा चाचण्या, 325 बाळं. आईबापांच्या सांगण्यात रडणं कमी झालेलं दिसलं, पण उपचार झाला की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात ठोस फरक टिकला नाही. यासाठी पैसे मोडून नाशिक गाठावं असं मी म्हणणार नाही.
खर्चाचा प्रश्न असेल तर आशाताई किंवा अंगणवाडीत सांगा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा बाळांना जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात, उपचार मोफत असतात.

केळीबाग (यावल)
सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांना दाखवलं. डाव्या बाजूला बारीक गाठ आहे, स्नायूचीच. खुबे ठीक आहेत. जळगावच्या फिजिओ मॅडमनी व्यायाम शिकवले आणि सासूबाईंनाही समोर बसवून करून घेतले. आता मालिशनंतर त्याच करतात, त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. मान अजून पूर्ण वळत नाही. उशी काढली, पाळणा फिरवला. ऑस्टिओपॅथीचं तूर्तास थांबवलंय.
एकच विचारायचं होतं: पालथं ठेवलं की लगेच रडते. तेव्हा उचलायचं की थोडं थांबायचं?

फिजिओ_धुळे
उचला. शांत झाली की पुन्हा ठेवा. छातीखाली सुती टॉवेलची गुंडाळी द्या, हात तिच्या पुढे काढा, आणि तुम्ही समोर जमिनीवर आडव्या होऊन डावीकडून बोला.