मदत हवी आहे : जुन्या टंकातील (फाँटमधील) रोजनिशी युनिकोडमध्ये कशी आणावी?

सप्रेम नमस्कार. मी डिचोलीत राहतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा बराच काळ वीज नव्हती आणि त्या दिवसांत माझे नियमित रोजनिशीलेखन थांबले, ते थांबलेच. यंदा वळिवाच्या पहिल्या सरीबरोबर, आंब्याचा मोहोर गळून अंगणभर पसरलेला पाहताना, पुन्हा लिहावेसे मनापासून वाटले.

अडचण जुन्या लेखनाची आहे. ते युनिकोडपूर्व टंकात (युनिकोड म्हणजे सर्व संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत) असल्याने नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. परिवर्तकातून (जुना टंक युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून) काढून पाहिले, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडतात. जुन्या टंकात ‘डिचोली’मधील वेलांटी ‘ड’च्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, ‘पर्वरी’तील रफाराचे नेमके उलट होते. जोडाक्षरांची मोडतोड वेगळीच. शेकडो पाने हाताने सुधारणे मला शक्य नाही, आणि आईच्या आजारपणातील नोंदी त्यांत असल्याने ती टाकून देणेही शक्य नाही.

ज्यांनी असे परिवर्तन केले आहे, त्यांनी कृपया सांगावे : वेलांटी व रफार यांचा क्रम आपोआप सुधारणारी विश्वासार्ह पद्धत कोणती? दुसरे, संध्याकाळच्या गडगडाटात वीज वारंवार जाते, तेव्हा लिहिलेला मजकूर सुरक्षित राहावा म्हणून आपण काय करता? पावसाळ्यापूर्वी हे काम मार्गी लागावे, अशी इच्छा आहे.