शाळा आणि रुग्णालय यांच्यातला दुवा: मूल मधेच निसटू नये म्हणून नेमकं काय ठरवायचं?

वर्गशिक्षिका_नववी

आठवी ते बारावी, साधारण ९०० मुलं. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात. दरवर्षी परीक्षेआधी सभागृहात एक व्याख्यान होतं, पोस्टर लागतात, आणि विषय तिथेच संपतो. या वर्षी जवळच्या रुग्णालयाबरोबर मुलांच्या आत्महत्या रोखण्यासाठी कायमची व्यवस्था उभी करायची आहे. मुख्याध्यापक तयार आहेत, मनोविकार विभागही हो म्हणाला आहे. पण कागदावर काय उतरवायचं इथे गाडी अडली आहे.

व्याख्यानाचा उपयोग होतो का? सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यावी का? "जीव द्यावासा वाटतो का" असं थेट विचारलं तर मुलाच्या डोक्यात नको ते शिरेल, असं स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना वाटतं, त्यांना काय सांगू? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रुग्णालयातून घरी सोडलेलं मूल पुन्हा वर्गात येतं तेव्हा शाळेने काय करायचं? आमच्याकडे त्याबद्दल काहीच ठरलेलं नाही.

---

समुपदेशन_कक्ष

ताई, शेवटचा प्रश्न तुम्ही "सगळ्यात महत्त्वाचा" म्हटलात ते अगदी बरोबर आहे. मुलं बहुतेक वेळा सांध्यावर निसटतात: शिक्षकांकडून समुपदेशकाकडे, शाळेतून रुग्णालयात, रुग्णालयातून घरी आणि घरून परत शाळेत. प्रत्येक सांध्यावर कोण, कोणाला, किती वेळात कळवणार हे लिहिलेलं नसेल तर बाकी सगळं शोभेचं राहतं. आधी तो कागद करा, मग कार्यक्रम.

व्याख्यानाबद्दल. युरोपातल्या १० देशांतल्या १६८ शाळांमध्ये ११,११० मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात तीन उपाय वेगवेगळे तपासले होते: शिक्षकांना धोक्याची चिन्हं ओळखायला शिकवणं, प्रश्नावलीतून मुलं शोधून तज्ज्ञांकडे पाठवणं, आणि थेट मुलांबरोबर काम करणं. एका वर्षानंतर ठळक फरक फक्त तिसऱ्यात दिसला. आत्महत्येचा नवा प्रयत्न करणाऱ्या मुलांचं प्रमाण तुलनेच्या गटात १.५१ टक्के होतं, या गटात ०.७० टक्के.

त्या तिसऱ्या उपायात एकूण पाच तासांचं काम होतं. सुरुवातीला आणि शेवटी एकेक तासाचं संवादी सत्र, मधे तीन तास भूमिका करून बघणं, घरी न्यायला ३२ पानी पुस्तिका, आणि वर्गात सहा पोस्टर. गाभा मधल्या तीन तासांत आहे. "मैत्रीण म्हणाली, कुणाला सांगू नकोस, पण मला जगायचं नाही" हा प्रसंग मुलं स्वतः उभा करतात, मग थांबून विचार करतात की आता कुणाकडे जायचं. सभागृहात ९०० जणांसमोर हे होत नाही. एका वेळी एक वर्ग घ्या, बाक बाजूला सारा, आणि शक्यतो रोज शिकवणारे शिक्षक त्या वेळी वर्गात नसू देत.

याचा अर्थ शिक्षकांचं प्रशिक्षण सोडून द्या असा नाही. मूल ज्या मोठ्या माणसाकडे जाईल त्याला पुढचं पाऊल माहीत हवंच. फक्त तेवढ्यावर थांबू नका.

प्रश्नावलीत दोन चुका हमखास होतात. पहिली, ती निनावी भरून घेतात. मग एका कागदावर "प्रयत्न केला आहे" अशी खूण सापडते आणि ते मूल कोणतं हे कुणालाच सांगता येत नाही. मदत पोचवायची असेल तर नाव हवं, आणि उत्तरं कोण वाचणार हे मुलांना आणि पालकांना आधीच सांगितलेलं हवं. दुसरी, सगळ्या शाळेची एकाच दिवशी घेतात. होकार आलेल्या मुलाशी नीट बोलायला ३० ते ४० मिनिटं लागतात, म्हणजे एक समुपदेशक दिवसाला पाच-सहा मुलांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून समुपदेशक शाळेत असतील त्या दिवशी सकाळी एकच वर्ग घ्या आणि शाळा सुटण्याआधी सगळे कागद वाचून संपवा. सुट्टीच्या आदल्या दिवशी चुकूनही नको. न वाचलेला कागद कपाटात ठेवून घरी जाण्यापेक्षा प्रश्नावली न घेतलेली बरी.

---

कॅज्युअल्टी_सिस्टर

स्टाफरूमच्या शंकेबद्दल. थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ मुलांवर हे तपासलं गेलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना आत्महत्येबद्दल विचारलं त्यांचा ताण न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. नैराश्य असलेल्या किंवा आधी प्रयत्न केलेल्या मुलांचाही नाही. त्रास होतो तो आडून विचारल्यामुळे. "तसलं काही मनात नाही ना?" या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं, मूल मान हलवतं आणि विषय मिटतो.

रुग्णालयाच्या बाजूला चार प्रश्नांची चाचणी पुरते, २० सेकंदांचं काम आहे. गेल्या काही आठवड्यांत मेलेलं बरं असं वाटलं का? आपण नसतो तर घरच्यांचं बरं झालं असतं असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? कधी तसा प्रयत्न केला आहे का? यातलं एकही "हो" आलं तर पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी तसे विचार आहेत का? उत्तर द्यायला नकार दिला तर तोही होकार धरायचा. पाचव्याला "हो" आलं तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि पूर्ण मानसिक तपासणी त्याच वेळी करायची. पाचव्याला "नाही" आलं तरी तसंच घरी पाठवायचं नाही. १०-१५ मिनिटांचं सविस्तर बोलणं होऊन पुढचं ठरलं पाहिजे.

हे प्रश्न पोटदुखी, चक्कर, हात मोडणं यांसाठी आलेल्या मुलांनाही विचारावेत. "मला जगायचं नाही" अशी तक्रार घेऊन येणारी मुलं थोडीच असतात. विचारताना पालक बाहेर हवेत. त्यासाठी साधं वाक्य ठरवून ठेवा: "या वयाच्या सगळ्या मुलांशी आम्ही पाच मिनिटं एकट्याने बोलतो, तुम्ही बाहेर बसा." सगळ्यांना एकच नियम म्हटला की कुणी अडून बसत नाही.

एक विनंती. नोंदीत आणि बोलण्यात "यशस्वी प्रयत्न", "फसलेला प्रयत्न" हे शब्द नकोत. वाचलेल्या मुलाला "फसलं" म्हणणं फार वाईट आहे.

---

बालमन_ओपीडी

वर सगळं नेमकं आलं आहे. मी डिस्चार्जबद्दल लिहितो, कारण मनोविकार विभागातून घरी सोडल्यानंतरचे पहिले तीन महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि त्यातही पहिले काही दिवस.

डिस्चार्ज कार्डावर खाली "फॉलो-अप एसओएस" असं लिहिलेलं दिसतं. या मुलांच्या कार्डावर ते कधीही चालणार नाही. गरज वाटली तर या, असं म्हणून ती येत नाहीत. तारीख, वेळ, खोली क्रमांक आणि भेटणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहा. भेट सात दिवसांच्या आत, आणि त्याआधी २४ ते ७२ तासांत एक फोन.

जागतिक आरोग्य संघटनेने भारत, श्रीलंका, ब्राझील, इराण आणि चीन या पाच देशांत १,८६७ रुग्णांवर अगदी स्वस्त उपाय तपासला होता. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्यांशी घरी सोडण्याच्या सुमारास एक तास बोलणं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, मग चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. दीड वर्षानंतर आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के होतं, या गटात ०.२ टक्के. यात फक्त लहान मुलं नव्हती हे खरं, पण वेळापत्रक जसंच्या तसं उचलता येतं. मात्र हे फोन कुणा एकाच्या कामाच्या यादीत नावानिशी असायला हवेत. "विभाग करेल" असं लिहिलं की कुणीच करत नाही.

घरी जाण्याआधी मुलाबरोबर बसून सुरक्षितता आराखडा लिहायचा. एक पान, सहा पायऱ्या:

१. वादळ येतंय हे मला कशावरून कळतं
२. मी एकट्याने काय करू शकतो
३. मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा
४. ज्यांना खरं सांगून मदत मागता येईल अशी माणसं
५. डॉक्टर, समुपदेशक, २४ तासांची हेल्पलाइन
६. घर सुरक्षित कसं ठेवायचं

बिघडतं ते असं. पहिल्या पायरीत "टेन्शन येतं" असं लिहिलं जातं. त्याने काही कळत नाही. "रात्री अकरानंतर ग्रुपवरचे जुने मेसेज परत परत वाचायला लागते" हे उपयोगाचं. चौथ्या पायरीत "आई" लिहिलेलं असतं आणि भांडण आईशीच असतं. म्हणून प्रत्येक नावापुढे विचारा: "रात्री दोन वाजता खरंच फोन करशील? उचलला नाही तर?" नंबर तिथेच मोबाइलमध्ये सेव्ह करून घ्या. आराखडा मुलाच्या शब्दांत आणि त्याच्या अक्षरात हवा.

"पुन्हा असं करणार नाही" अशी सही घेण्याची पद्धत बंद करा. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही, आणि वचन मोडेल या भीतीने मूल पुढच्या वेळी बोलतच नाही.

सहावी पायरी पालकांबरोबर करायची, मुलावर सोपवायची नाही. औषधं, कीटकनाशकं, शस्त्र घरात असेल तर ते, सगळं घराबाहेर किंवा कुलपात. किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर, नेहमीच्या खुंटीवर नाही. आजी-आजोबांच्या गोळ्यांचा डबा हमखास विसरला जातो. पहिल्या फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा: "काय काय हलवलंत?" जीव देण्याची तीव्र लहर पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ हाताशी साधन नसलं तर जीव वाचू शकतो.

---

समुपदेशन_कक्ष

शाळेत परतण्याबद्दल. रुग्णालयाकडून निदान मागू नका, शाळेला ते लागत नाही. पालकांच्या आणि मुलाच्या संमतीने अर्ध्या पानाचं पत्र पुरतं: कधीपासून यायला हरकत नाही, कोणती चिन्हं दिसली की कुणाला फोन करायचा, शाळेत कोणती सवलत हवी. खाली दोन्हीकडच्या एकेका व्यक्तीचं नाव आणि नंबर.

पहिल्या तासाआधी, शक्यतो आदल्या दिवशी, अर्ध्या तासाची भेट घ्या. मूल, एक पालक, समुपदेशक, वर्गशिक्षक, बस. पूर्ण गोष्ट माहीत असलेली माणसं शाळेत चारपेक्षा जास्त नकोत. स्टाफरूममध्ये चर्चा झाली की मधल्या सुट्टीपर्यंत वर्गात पोचते.

त्या भेटीत ठरवायचं पहिलं काम म्हणजे "कुठे होतास?" या प्रश्नाचं उत्तर. मुलाने स्वतः निवडलेलं एक वाक्य हवं, "बरं नव्हतं, आता ठीक आहे" इतकंच असलं तरी चालतं. ते दोन-तीनदा मोठ्याने म्हणवून घ्या. दुसरं, बुडालेला अभ्यास. विषयवार यादी करा, जे माफ करता येईल ते सरळ खोडा, उरलेल्याला तारखा द्या. परतलेलं मूल पहिल्याच दिवशी सात वह्या पूर्ण करायच्या ओझ्याखाली पुन्हा खचतं, आणि हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. तिसरं, वर्गातून कारण न सांगता उठता येईल असं कार्ड. पण कार्डावर ठरलेल्या खोलीचं नाव हवं, आणि मूल पाच मिनिटांत तिथे पोचलं नाही तर शोधायला कोण निघणार हेही.

पहिले दोन आठवडे रोज पाच मिनिटं भेट, नंतर आठवड्यातून एकदा. निकालाचा दिवस, मोठी सुट्टी आणि त्या घटनेला वर्ष पूर्ण होण्याचा दिवस कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

---

वर्गशिक्षिका_नववी

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून घेते आहे. दोन अडचणी राहिल्या. मूल म्हणतं "कुणाला सांगू नका". आणि पालक म्हणतात "आमच्या मुलाला काही झालेलं नाही, रुग्णालयात नेणार नाही".

---

कॅज्युअल्टी_सिस्टर

पहिल्याचं उत्तर बोलणं सुरू होण्याआधीच द्यायचं: "तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मी गप्प बसणार नाही, पण कुणाला आणि काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू." नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो. पालकांना फोन करताना मूल शेजारी असू द्या.

पालकांच्या नकारामागे बहुतेक वेळा शिक्का बसण्याची भीती असते, किंवा "आम्ही कमी पडलो" हे ऐकावं लागेल याची. "तुमच्या मुलाला मानसिक आजार आहे" असं सुरू करू नका. मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारखेसह सांगा, आणि मागणी छोटी ठेवा: आज एक तपासणी, आम्ही बरोबर येतो. मावशी, काका, ज्यांचं घरात चालतं अशा कुणाला बोलवा. तरीही नकार असेल तर मुलाला एकटं घरी पाठवायचं नाही, घर सुरक्षित करण्याचं बोलणं तिथेच करायचं, रुग्णालयातल्या ठरलेल्या व्यक्तीला लगेच कळवायचं आणि झालेलं बोलणं वेळेसह लिहून ठेवायचं. धोका तत्काळ दिसत असेल तर होकाराची वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. मुलांच्या संरक्षणाचे कायदे अशा वेळी काय करायला सांगतात हे मुख्याध्यापकांनी आधीच विचारून ठेवावं, त्या दिवशी शोधायला वेळ मिळत नाही.

---

बालमन_ओपीडी

एक भर घालतो. कागद तयार झाला की त्यावरच्या प्रत्येक नंबरवर महिन्यातून एकदा फोन लावून बघा, तोही शाळा सुटायच्या वेळी, सुट्टीच्या आदल्या दिवशी. बदली झालेले डॉक्टर, बंद पडलेलं एक्स्टेंशन, रजेवरचे समुपदेशक आणि त्यांच्या जागी कुणीच नाही, हे सगळं त्या एका फोनवर कळतं. प्रत्येक नावापुढे दुसरं नाव लिहा आणि यादीच्या वर शेवटच्या तपासणीची तारीख घाला.