लेक आता मनातल्या मनात वाचते, मी वाचून दाखवणं थांबवू का?

सुरंगी_देवगड
नमस्कार मंडळी. माझी लेक सात वर्षांची, दुसरीत आहे, मराठी माध्यम. गेल्या दिवाळीपर्यंत रोज रात्री मी वाचायचे आणि ती ऐकायची, मग हळूहळू बोट ठेवून स्वतः वाचायला लागली, आणि या पावसात एकदम असं झालंय की पुस्तक घेते, पडवीत झोपाळ्यावर जाऊन बसते आणि ओठसुद्धा हलत नाहीत. मी जवळ गेले की हाताने पान झाकते, "आई तू थांब, मला कळतंय."

परवा एसटी स्टँडवर होतो. सासूबाईंना शिरगावला जायचं होतं, मोतीबिंदूमुळे त्यांना बोर्ड दिसत नाही, त्या आता हिलाच विचारतात, "बघ गो, खंयची गाडी ती?" ही पुढे जाऊन उभी राहिली, वाचलं "विजयदुगर", थांबली, वरचा रफार परत बघितला, "विजयदुर्ग", आणि आजीला सांगितलं ही आपली नाही, आपल्याला कणकवलीची पाहिजे. मी मागे पिशव्या धरून उभी, एक शब्द बोलले नाही पण इतकं भरून आलं की काय सांगू.

आता विचारायचं हे की मनात वाचते तेव्हा खरंच समजतंय का हे कसं ओळखायचं? शाळेतल्या बाई म्हणतात रोज मोठ्याने वाचून घ्या. आणि रात्री मी वाचून दाखवते ते बंद करायचं का, मला तर ते सोडवत नाही. शिवाय इथे दुकानात रंगवायची पुस्तकं नाहीतर इंग्रजी राईम्स, बाकी काही मिळत नाही, घरातली सगळी तिची पाठ झालीत.

पाटीपेन्सिल
ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, पहिली-दुसरी बरीच वर्षं घेतलीय. मुलं आधी मोठ्याने वाचतात, मग पुटपुटत, मग ओठ मिटून, हा क्रमच आहे, त्यामुळे ती मागे गेली असं मुळीच समजू नका. तुम्ही ते रफाराचं लिहिलंत ना, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. रफार काढायचा अक्षराच्या डोक्यावर पण बोलायचा त्याच्या आधी, पहिली वेलांटी दिसते आधी आणि बोलायची नंतर, इथे दुसरीतली बहुतेक मुलं अडखळतात. नुसती अक्षरं जुळवणारं मूल "विजयदुगर" म्हणून पुढे गेलं असतं. ती थांबली, कारण असं गाव नाही हे तिला माहीत होतं. म्हणजे ती अर्थ शोधत वाचतेय, अजून काय पाहिजे!

समजलं का हे बघायला प्रत्येक पुस्तकानंतर प्रश्न विचारू नका, घरात परीक्षा सुरू झाली की मुलं पुस्तक लपवतात. आजीला गोष्ट सांगायला लावा, मधलं काय गाळलं ते तुम्हाला लगेच कळेल. बाईंचं म्हणणंही चूक नाही, मोठ्याने वाचल्याशिवाय जोडाक्षरं पक्की होत नाहीत, पण त्याला निमित्त हवं. आजीला दिसत नाही तर रोज पेपरमधल्या दोन बातम्या तिने वाचाव्यात, ते खरं काम आहे आणि मुलांना खरं काम आवडतं.

रात्रीचं मात्र अजिबात बंद करू नका. या वयात मूल स्वतः वाचून जेवढं समजू शकतं त्याच्या बरंच पुढचं ऐकून समजतं, आणि हे प्राथमिकच्या वर्षांत तरी असंच राहतं. म्हणून ती वाचते त्यापेक्षा अवघड, लांब गोष्ट तुम्ही घ्या, रोज एक प्रकरण.

खाडीकाठ
पान झाकता तर झाकूंदे गो तिका. माझा मुलगा आता सातवीत आहे, तोही असाच करायचा. ते पुस्तक तिचं एकटीचं आहे, आपण दार ढकलून आत जायचं नाही. फक्त एक कळकळीने सांगते, पाहुणे आले की "वाचून दाखव बघू काकांना" असं करू नका आणि इतकी पानं वाचलीस तर चॉकलेट असंही नको. वाचायला मिळतंय हेच तिला बक्षीस आहे.

रत्नांग्रीकर
पुस्तकांचं सांगतो. पहिलं, जवळच्या सार्वजनिक वाचनालयात तिच्या स्वतःच्या नावाने खातं उघडा. आपल्या राज्यात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, त्यामुळे लहान गावांतसुद्धा शासनमान्य वाचनालयं आहेत, कोकणात तर ही परंपरा फार जुनी, आमच्या रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. बालविभाग नसला तरी ग्रंथपालांना सांगा, मागणी केली तर पुढच्या खरेदीत मुलांची पुस्तकं घेता येतात. कपाटातून तिलाच निवडू द्या, तुम्हाला सोपं वाटलं तरी.

दुसरं, बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाईटवर फुकट आहेत. ते थोडं मोठ्या मुलांचं आहे, रात्री तुम्ही वाचायला उत्तम. तिच्या एकटीसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेची 'स्टोरीवीव्हर' वेबसाईट बघा, मराठी गोष्टी फुकट, वाचनाच्या पातळ्या लावलेल्या आहेत, दुसरी पातळी उघडून बघा तिला कशी जमते. मोबाईल हातात द्यायचा नसेल तर प्रिंट काढून मधे दोऱ्याने शिवा, त्याला परवानगी आहे.

सुरंगी_देवगड
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. पेपरचं सासूबाईंना सांगितलं तर त्या आत्ताच चष्मा पुसून बसल्यात. शनिवारी वाचनालयात जातो, रस्ता ओलांडायचा नाही म्हणून पुढच्या वेळी तिला एकटीला पाठवायचा विचार आहे, मी कोपऱ्यावर उभी राहीन. एकच अजून, पावसात पुस्तकांना बुरशी येते, पानं फुगतात, वाचनालयाचं पुस्तक असं झालं तर? काय करता तुम्ही?

खाडीकाठ
भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल तिथूनच येते. लाकडी फळीवर, मधे हवा खेळेल अशी थोडी सुटी लावा. वेखंडाची पूड सुती कापडात बांधून फळीच्या मागे टाका, लहान हाताला लागणार नाही अशी. आणि ऊन पडलं की सगळी पुस्तकं पडवीत काढून पानं उघडी करून ठेवायची, हे कामही तिच्यावरच सोपवा, आमच्याकडे ते करताना अर्धी पुस्तकं पुन्हा वाचून व्हायची.