अनुभव धागा: मुलांच्या नावावर परस्पर झालेले व्यवहार

धागाकर्ती

मुलाला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. शैक्षणिक कर्जाच्या अर्जासाठी आम्ही बँकेत बसलो होतो आणि समोरच्या अधिकाऱ्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून विचारले, "याचे आधीचे कर्ज का थकले आहे?" त्याच्या पॅन क्रमांकावर कोणीतरी एका ॲपवरून आठ हजार चारशे रुपये उचलले होते, आणि तेही तो दहावीत असताना. अर्जात जन्मसाल 1997 होते आणि पत्ता अशा गावातल्या लॉजचा होता, की ज्या गावात आमच्या घरातले कोणी कधी उतरलेलेही नाही.

सासऱ्यांनी नातवाच्या नावे गुंतवणूक करायची म्हणून तो चौदा वर्षांचा असतानाच पॅन काढून घेतले होते आणि त्याची प्रत एजंटाला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या पॅनकार्डावर फोटोही नसतो आणि सहीही नसते, ही गोष्ट मला तोपर्यंत ठाऊक नव्हती. प्रत तिथूनच फुटली असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

कर्ज देणाऱ्या कंपनीचे पहिले उत्तर होते, "ग्राहकाने ओटीपी दिलेला आहे." त्यावर वाद न घालता मी कर्ज देताना घेतलेली कागदपत्रे लेखी मागितली. तीन आठवड्यांनी जी फाईल आली, तिच्यात माझ्या मुलाच्या नावाखाली तिशीतल्या, दाढी राखलेल्या एका गृहस्थाचा सेल्फी होता. तो सेल्फी, जन्मदाखला, दहावीचे प्रवेशपत्र आणि सायबर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत एवढे जोडल्यावर त्याच्या नावावरची थकबाकीची नोंद काढली गेली, पण प्रवेशाची मुदत टळू नये म्हणून तोवर आम्हांला सोने गहाण ठेवावे लागले होते.

आपल्याही मुलांच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर ते कसे कळले आणि पुढे काय केले, हे सविस्तर लिहावे. शाळेचे, बँकेचे वा कंपनीचे नाव लिहू नये.

एक आई, ठाणे

आमच्याकडे नुकसान झाले नाही, थोडक्यात निभावले. शाळेला विद्यार्थ्यांची आधार माहिती ऑनलाइन भरायची होती आणि वर्गशिक्षिकांनी पालकांच्या गटावरच आधारची पीडीएफ टाकायला सांगितले. संध्याकाळपर्यंत चाळीसएक मुलांची आधारपत्रे गटात येऊन पडली होती. पीडीएफला पासवर्ड आहे, मग भीती कसली, असे एका पालकांनी लिहिले. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. त्याच गटात दर आठवड्याला कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक झळकतो, आणि केकवर नाव आणि वय दोन्ही असते!

बाईंना दोष देऊन उपयोग नव्हता, कारण वरून त्यांनाही तारीख दिलेली होती. आम्ही चौघीजणी भेटायला गेलो आणि मधला मार्ग निघाला: क्रमांक शाळेत प्रत्यक्ष जाऊन लिहून द्यायचा, आणि जिथे फक्त ओळखीचा पुरावा हवा असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्यायचे. गटातल्या फायली पुसून टाकल्या, परंतु तोवर त्या किती जणांच्या फोनमध्ये उतरल्या असतील ते कोण सांगणार?

एक वडील, नाशिक

मुलगी डेंग्यूने रुग्णालयात होती, तेव्हा हाताला सलाईन लावलेला तिचा फोटो मी नातेवाइकांच्या गटावर टाकला होता. ती बरी होऊन शाळेत जाऊ लागली आणि दोन महिन्यांनी माझ्या मावसभावाला दुसऱ्याच नावाने तोच फोटो आला: मुलीला कर्करोग आहे, मदत करा, आणि खाली क्यूआर कोड. तिच्या उशाशी ठेवलेला ससासुद्धा जसाच्या तसा होता. बायको ते पाहून रात्रभर झोपली नाही.

चूक एकच केली, ती म्हणजे संतापाच्या भरात त्या माणसाला संदेश पाठवला. त्याने ते खाते लगेच बंद केले आणि आमच्या हाती पुरावा म्हणून मावसभावाने आधीच काढून ठेवलेला एकच स्क्रीनशॉट उरला. म्हणून आधी खात्याची लिंक, वेळ आणि क्यूआर कोड जपून ठेवावेत, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी, आणि त्या क्यूआर कोडवर ज्यांनी पैसे पाठवले असतील त्यांना ताबडतोब सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीला, 1930 वर, फोन करायला सांगावे.

एक आई, न्यू जर्सी

इथे मुलाला जन्मानंतर लगेच सोशल सिक्युरिटी क्रमांक (सरकारी ओळख क्रमांक) मिळतो आणि पुढची अठरा वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आमच्या सात वर्षांच्या लेकीच्या नावाने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे पत्र आले, तेव्हा आम्ही आधी हसलो. सप्टेंबर 2018 पासून सोळा वर्षांखालील मुलांचे क्रेडिट आईवडिलांना विनाशुल्क गोठवता येते, म्हणजे त्यांच्या नावावर कोणाला नवे कर्ज सहजी काढता येत नाही. मात्र एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो, आणि आम्ही तिन्हीकडे जन्मदाखल्याच्या व स्वतःच्या ओळखपत्राच्या प्रती टपालाने धाडल्या. त्यांची आलेली पत्रे देवघराखालच्या कप्प्यात, पासपोर्टांबरोबर आहेत.

नाव देत नाही

माझ्या बाबतीत चोर घरचाच होता. आम्ही वेगळे राहू लागल्यावर मुलाच्या वडिलांनी पालक या नात्याने त्याच्या नावाचे खाते उघडून धंद्याचे पैसे त्यातून फिरवले. खाते पोलिसांच्या सांगण्यावरून गोठले, तेव्हा मला कळले. तक्रारीत त्यांचे नाव लिहायला मला चार दिवस लागले.

एक निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

धागाकर्तींनी कागदपत्रे मागितली हे उत्तम केले. त्यात एवढीच भर घालतो, की 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करायला पात्रच नसते, आणि तिच्याशी केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो, हे ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे "थोडे भरून मिटवून टाका" असे वसुलीवाले म्हणाले तरी एक रुपयाही भरू नये, कारण भरणा केला की कर्ज आपलेच होते असा अर्थ लावायला त्यांना जागा मिळते. पोलीस ठाण्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66C चा उल्लेख करावा. दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

देशात पतमाहिती, म्हणजे कोणी किती कर्ज घेतले आणि फेडले याच्या नोंदी, ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. एकीकडची नोंद निघाली म्हणून बाकीच्या तिघींकडची निघाली असे धरून चालू नये. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केलेला आहे. तो सहसा आपण होऊन कोणी सांगत नाही, म्हणून अर्जाची पोच तारखेसह घ्यावी. आणि मुलाला अठरा पूर्ण झाली आहेत, तर त्याच्या पॅनवर आता फोटो आणि सही चढवून घ्या. धागाकर्तींनी ते केले का, हे त्यांनी लिहिलेले नाही.