अनुभव धागा: सर्व्हेवाले, डबी आणि आपण

जुनी वही : कपाट आवरताना क्षयाच्या पाहणीची वही सापडली. दारोदार फिरायचे तेव्हाची. चौथा रकाना, ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला?’ एका घरात बाई ‘नाही’ म्हणाल्या. तेवढ्यात आत कुणीतरी खोकलं, तर यांनी भांडी आपटायला घेतली. मी मुकाट ‘नाही’वर खूण केली. दुसऱ्या दिवशी वही न घेता गेले. मग बोलल्या, "घरमालकाला कळलं तर खोली जाईल." तुमचेही अनुभव लिहा, रोग कुठलाही चालेल.

खिडकी : डबी! आमच्या आजोबांना सकाळचा बेडका आणायला दिली होती. त्यांनी घासूनपुसून रिकामी परत केली. "तुमची वस्तू, जपून ठेवली."

उंबरठा : 😂 माझी परत आली होती, ‘ही नुसती लाळ आहे’ म्हणून.

दुपार : मला स्वतःला झाला होता. गोळ्या सुरू झाल्या की भूक खवळते हे कुणी सांगत नाही. घरात खायला बेताचंच, म्हणून मी गोळीच टाळायचे. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरी दर महिन्याला धान्य-डाळ देऊन पाहिली. २०२३ साली निष्कर्ष आले, घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. वाचून रडू आलं. आईला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

गच्ची : आमच्याकडे फुकटची मच्छरदाणी काकांनी वेलीवर टाकली.

खिडकी : वेल वाचली का?

गच्ची : वाचली. काकांना मलेरिया.

पाटीपेन्सिल : चेन्नईच्या अभ्यासाने १९५९ च्या सुमारासच दाखवलं होतं की घरी राहून औषध घेणारे सॅनेटोरियममधल्यांइतकेच बरे होतात, घरच्यांना जास्त लागणही होत नाही. आणि माझ्या आजीचं ताट त्यानंतर कित्येक वर्षांनीही वेगळंच. औषध पूर्ण झाल्यावरसुद्धा. असो, कुकर झाला, आले.

उंबरठा : आमच्या वस्तीत तीनदा बोट टोचून रक्त नेलं, अंगठे घेतले. निघालं काय ते सांगायला कुणी फिरकलं नाही. चौथ्यांदा आले तेव्हा अख्ख्या गल्लीने कड्या लावल्या.

जुनी वही : बरोबर केलंत. आम्हीही नाही गेलो परत. अहवाल वर गेला, संपलं.

दुपार : ताई, त्या घरात खोकत कोण होतं?

जुनी वही : त्यांचा मुलगा. सहा महिने औषध पुरं केलं त्याने. डबी मी भाजीच्या पिशवीत लपवून न्यायचे.