लोन काढून दुसरा फ्लॅट घेतला की रिटर्न खरंच पाचपट होतो का?

नवखा_गडी:
ऑफिसमधले सगळे सांगतात पूर्ण पैसे घालू नकोस, २० टक्के डाउनपेमेंट भर आणि बाकीचं लोन काढ. म्हणजे किंमत १०० धरली तर माझे फक्त २०, वर्षात भाव ५ टक्के वाढला की ५ सुटले, म्हणजे माझ्या २० वर २५ टक्के! इतकं सोपं असेल तर सगळेच का करत नाहीत, माझं कुठे चुकतंय?

हप्तेबाज:
व्याज कुठे गेलं भाऊ?? ८० चं लोन ८ टक्क्यांनी धर, वर्षाचं व्याज ६.४. भाडं ५ आलं तर मेंटेनन्स, टॅक्स, दुरुस्ती जाऊन हातात साडेतीन. भाववाढीचे ५ आणि हे ३.५, त्यातून ६.४ गेले की उरले २.१, म्हणजे २० वर साडेदहा टक्के. आता भाव ३ टक्केच वाढला असं धर, उरतात ०.१, बँकेत ठेवले असते तर बरं. आणि भाव हललाच नाही तर २.९ खिशातून. भाडं आणि भाववाढ मिळून लोनच्या दरापेक्षा जास्त पडत असेल तरच लोन काढण्यात अर्थ, नाहीतर तेच लोन उलटं फिरतं.

वही_पेन:
वरचं बरोबर आहे पण हप्ता विसरलात. २० वर्षांचं लोन असेल तर हप्ते वर्षाला साधारण ८, भाड्याचे साडेतीन, म्हणजे साडेचार दरवर्षी पगारातून. त्यातलं थोडं मुद्दलात जातं हे खरं, पण पहिल्या हप्त्यात जवळपास ८० टक्के व्याजच असतं, स्टेटमेंट बघून मी तर हबकलेच होते. भाववाढ काय, विकेपर्यंत कागदावरच, हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून जातोच.

नवखा_गडी:
ताई भाडं १२ महिन्यांचं धरू ना?

वही_पेन:
नको रे, ११ धर, जमलं तर १०. माझा भाडेकरू गेला तेव्हा बेडरूमच्या भिंतीला ओल, गीझर बंद, रंगकाम, या सगळ्यात दोन महिने घर रिकामं. आणि लोन फ्लोटिंग, म्हणजे मधेच दर बदलणारं असेल तर दर दीड टक्का वाढवूनही एकदा मांडून बघ, ६.४ चे ७.६ होतात.